नखाएवढी साक्ष

बाबा गेले तेव्हा त्यांच्या मनगटावर थोरलीने दिलेलं घड्याळ होतं. नुसतं वेळ दाखवणारं नव्हे. नाडी मोजणारं, पावलं मोजणारं, आणि माणूस पडला तर आपण होऊन घरच्यांना फोन लावणारं. या शेवटच्या गुणासाठीच तिने ते घेतलं होतं. बाबा एका मोठ्या इमारतीचे पंपमिस्त्री. तळघरातल्या पंपघरात दिवसभर एकटे. कायम ओली फरशी, लोखंडी शिडी, डोक्यावर पाइपांचं जाळं. वय झालं होतं, पण आता काम सोडा असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे : "पंप बंद पडला की मला बोलावतात. मी बंद पडलो की मग बघू."

त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. सकाळी वरच्या टाकीला पाणी चढवणारा पंपघरातला व्हॉल्व्ह अडकला, अख्ख्या इमारतीचं पाणी गेलं, म्हणून रखवालदाराने त्यांना बोलावून घेतलं. दुपारी नळांना पाणी आलं. पाणी आलं म्हणजे मिस्त्री काम उरकून घरी गेले असणार, असं सगळेच धरून चालले. ते जेवायला आले नाहीत, चहालाही आले नाहीत, तेव्हा आईने रखवालदाराला फोन केला. तो खाली गेला. बाबा भिंतीला टेकून बसले होते. पाय पसरलेले, फरशीवर साचलेल्या पाण्यात डावा हात, आणि मान छातीवर.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं : डोक्याला मार लागला होता, आणि कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत गेलं. असा माणूस काही वेळ चांगला चालतो-बोलतो आणि मग एकाएकी ढासळतो. वेळेवर आणलं असतं तर बहुधा वाचले असते.

'वेळेवर' हा शब्द थोरलीच्या मनात काट्यासारखा रुतून बसला. घड्याळ दिलं होतं ते वेळेवर कळावं म्हणूनच. पण फोन कुणालाच आला नव्हता. आईला नाही, तिला नाही, धाकट्याला नाही. घड्याळाची काच तडकली होती, आत पाणी गेलं होतं, आणि ते पार बंद पडलं होतं.

थोरली दुसऱ्या गावात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. तिच्या धंद्यात गोळीने काम केलं नाही तर कारण शोधायचं असतं : मात्रा चुकली, मुदत संपली, की माल खोटा निघाला. त्यामुळे तिने पहिली गोष्ट ही केली की पंपघरात उतरून स्वतःचा फोन लावून पाहिला. फोन लागला. म्हणजे खाली नेटवर्क नव्हतं ही सबब नाही. मग तिने घड्याळ बनवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. कंपनीने दिलगिरी कळवली, घड्याळातले सगळे भाग एकाच चिपमध्ये बंदिस्त असल्याने ते दुरुस्त होत नाही असं लिहिलं, आणि सांत्वन म्हणून एक नवं कोरं घड्याळ पाठवून दिलं. थोरलीने खोकं न उघडता परत धाडलं.

"माणूस गेला तर घड्याळ बदलून देतात," ती आईला म्हणाली. "उद्या घड्याळ गेलं तर माणूस बदलून देतील का?"

बोलला तो धाकटा. तो शहरबस चालवायचा. पाळी संपवून आला होता आणि दारातच बूट काढत होता.

"राहू दे ना ताई. उकरून काय मिळणार आहे?"

"कारण मिळेल."

"कारण मिळून बाबा येणार आहेत?"

"तुला काहीच वाटत नाही का रे?"

धाकट्याने बूट पुन्हा पायात घातले आणि आला तसा निघून गेला. तेव्हापासून दोघांत बोलणं असं उरलंच नाही. थोरली सुट्टीला आईकडे यायची तेव्हा त्याची नेमकी पाळी असायची. आईला सगळं दिसत होतं. पण तिचा स्वभाव असा की दुधावर साय धरेपर्यंत ती पातेलं हलवायची नाही.

थोरलीच्या दुकानात नेहमी येणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडून तिला एका प्रयोगशाळेचा पत्ता मिळाला. तिथे निकामी झालेल्या चिपा तपासून त्या का निकामी झाल्या हे शोधायचे. तिने कागदात गुंडाळलेलं घड्याळ पर्समध्ये घातलं आणि गेली.

प्रयोगशाळा म्हणजे एका गल्लीच्या टोकाला, छापखान्याच्या वरचा मजला. जिन्यात शाईचा वास आणि आत गेलं की एकदम काहीच वास नाही. पांढरे दिवे, सूक्ष्मदर्शकांची रांग, रबरी चटया. तिथल्या मुख्य बाईंना सगळे घारी म्हणत. डोळे घारे होते म्हणून, की नजर तशी होती म्हणून, कोण जाणे. पण त्यांनाही त्या नावाचं काही वाटत नसे. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि पहिल्यांदा विचारलं, "कुणाचं होतं?"

"माझ्या वडिलांचं."

"होतं म्हणजे?"

थोरलीने सांगितलं. घारीबाईंनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. सगळं ऐकून त्यांनी टेबलावरून एक उघडं घड्याळ पुढे ओढलं आणि चिमट्याच्या टोकाने आतला एक काळा चौकोन दाखवला. अंगठ्याच्या नखाएवढा.

"हे बघा. पूर्वी एका खोलीत मावणार नाही एवढा पसारा यात आहे. हिशेब करणारा मेंदू यात, आठवण यात, साठवण यात, हाताची हालचाल ओळखणाराही यातच. सगळं जवळजवळ बसवून वरून काळी राळ ओतून घट्ट बंद केलेलं. एक भाग बिघडला म्हणून तेवढाच बदलता येत नाही. एकत्र कुटुंबासारखं आहे. राहिले तर सगळे, मोडले तर सगळे."

"कंपनी म्हणते, आतलं काही काढता येणार नाही."

"अर्धं खरं आहे. साठवण कुलूपबंद असते आणि तिची किल्ली याच चिपच्या मेंदूत असते. म्हणजे नुसती साठवण कापून काढून उपयोग नाही. अख्खी चिप जिवंत व्हायला हवी. पाण्याने बाहेरची वाट जळाली असेल आणि आतली चिप धडधाकट असेल, तर मी ती उचलून दुसऱ्या पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर बसवीन. आतच पाणी गेलं असेल तर माझ्या हातात काही नाही." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "आणि अजून एक. त्यात जे असेल तेच मी सांगणार. तुम्हाला हवं ते असेलच असं नाही."

"मला जे झालं तेच हवंय," थोरली म्हणाली. तिला तेव्हा तसं मनापासून वाटत होतं.

घारीबाईंनी घड्याळाचा एक्स-रे काढला आणि पडद्यावर तिला दाखवला. राखाडी चौकोनात बारीक काळ्या ठिपक्यांच्या रांगा, पेरलेल्या मोहरीसारख्या. प्रत्येक ठिपका म्हणजे डाखाचा, सोल्डरचा थेंब, चिपला खालच्या पाटीशी जोडणारा. कडेच्या दोन-तीन जागी ठिपके एकमेकांत मिसळून डाग पडला होता. "इथे जळलंय," त्या म्हणाल्या. "पण हे बाहेर आहे. बघू."

पुढचं काम सावकाश चाललं. गरम हवेच्या झोताखाली चिप सुटी केली, खालचे डाख पुसून नवे थेंब बसवले, प्रयोगशाळेच्या पाटीवर ती जोडली. पहिल्या वेळी काहीच झालं नाही. घारीबाईंनी ती पुन्हा उचलली, पुन्हा साफ केली, पुन्हा बसवली. दुसऱ्या वेळी वीज दिल्यावर यंत्राचा काटा हलला, आणि चिपने आपल्याला जाग आल्याची खूण दिली. तिने कुलूप उघडण्याचे आकडे मागितले. थोरलीने आईला फोन केला. घड्याळ आणलं त्या दिवशी बाबांनी चष्मा शोधण्याचा कंटाळा करून आकडे आईलाच घालायला लावले होते. आईने ते सांगितले आणि विचारलं, "चालू झालं का गं?"

"झालं आई."

"बरं," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

आठवड्याने घारीबाईंचा निरोप आला. अहवाल टपालाने न पाठवता त्यांनी तिला बोलावून घेतलं होतं. थोरली गेली तर त्यांनी आधी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "सोबत कुणी आहे का?"

"नाही. सांगा तुम्ही."

"चिप बिघडलेली नव्हती," घारीबाई म्हणाल्या. "ते पडले हे तिला लगेच कळलं. तिने मनगटावर थरथर दिली आणि विचारलं. पडद्यावर दोन पर्याय येतात, माहीत असेल तुम्हाला. एक, 'मदत हवी'. दुसरा, 'मी ठीक आहे'. काहीच उत्तर आलं नाही तर ती आपण होऊन फोन लावते."

"मग का नाही लावला?"

"उत्तर आलं होतं. 'मी ठीक आहे.'"

खाली छापखान्याचं यंत्र सुरू झालं होतं आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी बारीक हलत होतं.

"पाणी पडलं असेल काचेवर," ती म्हणाली. "थेंबाने दाबलं गेलं असेल. काच तडकली होती, त्यामुळेही होऊ शकतं."

"मलाही आधी तेच वाटलं. म्हणून मी दोनदा पाहिलं. नुसत्या स्पर्शाने ते होत नाही, बोट ठेवून सरकवावं लागतं. मग ते पुन्हा विचारतं, नक्की ना? त्यालाही त्यांनी उत्तर दिलंय." घारीबाईंनी एक कागद तिच्यापुढे ठेवला. त्यावर डोंगराच्या कडेसारखी एक रेघ होती. "ही त्यांची नाडी. इथे पडले, म्हणून एकदम वर गेली. इथे उत्तर दिलं. मग हळूहळू खाली. आणि त्यानंतर ते परत चढलेत. शिडीवर. हे बघा, हात वर, हात वर. बराच वेळ हात एका लयीत फिरतोय, काहीतरी आवळत असल्यासारखा."

"व्हॉल्व्ह," थोरली म्हणाली.

"असेल. मग उतरले, बसले. त्यानंतर हालचाल नाही. पुढे हात पाण्यात गेला असावा. घड्याळ तिथे बंद पडलं."

गेले कित्येक महिने थोरलीने एकच चित्र मनात वागवलं होतं. बाबा पडलेत, घड्याळाकडे बघतायत, कुणीतरी येईल म्हणून वाट बघतायत, आणि कुणी येत नाहीये. ते चित्र खोटं होतं. त्यांनी वाट पाहिलीच नव्हती. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. पण जिना उतरताना तिला बाबांचा आयुष्यात पहिल्यांदा इतका राग आला की तिला कठडा धरून उभं राहावं लागलं. अख्ख्या इमारतीला पाणी द्यायला वेळ होता. पोरीला एक फोन जाऊ द्यायला नव्हता.

ती थेट आईकडे गेली. दुपारची वेळ. धाकटा घरी होता, पंख्याखाली चटईवर आडवा झालेला. तिला बघून तो उठायला लागला.

"बस," ती म्हणाली. "दोघांनाही सांगायचंय."

तिने जसं ऐकलं तसं सांगितलं. काही घातलं नाही, काही गाळलं नाही. आई भांडी पुसत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. तिने एकच विचारलं.

"दुखत होतं का ह्यांना?"

"ते त्यात नसतं, आई."

"मग काय त्याचा उपयोग," आई म्हणाली आणि पेला पालथा घातला.

धाकटा मात्र उठून बाहेर गेला. दार उघडंच राहिलं. थोरलीचा पारा चढला. इतक्या महिन्यांनी, एवढं ऐकून, हा नेहमीसारखाच चालता झाला. ती त्याच्या मागे गेली. तो लांब गेला नव्हता. जिन्याच्या पहिल्या वळणावर पायरीवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत घालून.

"काय झालं तुला?"

"मी शिकवलं ते," तो म्हणाला.

"काय?"

"ते बटण." त्याने मान वर केली नाही. "तुला माहीत नाही. तुला सांगायचं नाही असं बाबांनीच म्हटलं होतं, की ती उगाच काळजी करेल. महिनाभर आधीची गोष्ट. पाइप ठोकताना त्यांचा हात आपटला आणि घड्याळाला वाटलं ते पडले. त्यांनी बघितलंच नाही. घड्याळाने मला फोन लावला. मी बस चालवत होतो. भरलेली बस मी थांब्यावर उभी केली, लोकांना उतरवलं, आणि धावत पंपघरात गेलो. तर हे मजेत पाइप ठोकतायत. मला म्हणतात, तू इथे कसा?"

थोरली त्याच्या शेजारच्या पायरीवर बसली.

"मला समज मिळाली कामावर. ती मिळाली तर मिळाली. पण मी तिथे रखवालदारासमोर त्यांना नको नको ते बोललो. म्हटलं, म्हातारपणी खेळणं मिळालंय आणि जगाला नाचवताय. त्यांचा हात हातात धरून दाखवलं. हे असं सरकवायचं, मग परत विचारतं, परत हो म्हणायचं. दोनदा करून घेतलं त्यांच्याकडून. लहान पोराकडून पाढे म्हणून घ्यावेत तसं. ते म्हणाले, बरं बाबा, आता नाही त्रास देणार."

थोरलीच्या तोंडात जे आलं ते तिने आवरलं नाही.

"आणि इतके महिने मला कंपनीशी भांडू दिलंस?"

"तू कंपनीशी भांडत होतीस तोवर मला कुणी काही विचारत नव्हतं," धाकटा म्हणाला. "मला वाटायचं घड्याळ खरंच बिघडलेलं निघू दे. तू तिकडे खेपा घालत होतीस तेव्हा मीही मनात तेच म्हणत होतो. आणि उघडूच नये असंही वाटायचं."

खालून कुणीतरी पिशवी घेऊन वर आलं. दोघांनी सरकून वाट दिली. थोरलीला धाकट्याला मारावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी तिला भरलेली बस टाकून धावणारा तो दिसत होता. आपल्याला फोन आला असता तर आपणही असंच धावलो असतो, आणि पोचल्यावर असंच ओरडलो असतो, हे तिला माहीत होतं. ओरडायला ती त्याच्यापेक्षा वरचढच होती.

आई केव्हा मागच्या पायरीवर येऊन उभी राहिली ते दोघांना कळलं नाही. हातात भांडी पुसायचं फडकं होतं.

"तू शिकवलंस आणि ते शिकले?" ती धाकट्याला म्हणाली.

तो वर बघायला लागला.

"लग्न झाल्यापासून मी त्यांना शिकवतेय, ओला टॉवेल खाटेवर टाकू नका. शिकले? दुखलं खुपलं तर सांगा म्हटलं. शिकले? दात सुजून गाल एवढा झाला होता तरी म्हणाले, काही नाही, जरा झोप जास्त झाली. त्या माणसाला कुणी काही शिकवू शकलेलं नाही, आणि तू एका दुपारात शिकवलंस होय? मोठाच गुरू लागून गेलास." तिने हातातलं फडकं झटकलं. "त्यांना जे करायचं होतं तेच त्यांनी केलं. व्हॉल्व्ह अर्धा टाकून ते इस्पितळात गेलेच नसते. तुझ्या बटणाशिवायही त्यांनी काहीतरी शोधून काढलं असतं. आता उठा दोघं. जिन्यात बसून लोकांना तमाशा कशाला?"

धाकटा उठला नाही. त्याने आईच्या पायांशी कपाळ टेकवलं आणि तसाच राहिला. आईने फडकं खांद्यावर टाकलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रडत तिघंही होती, पण आवाज कुणाचाच नव्हता. शेजाऱ्यांचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं.

थोरलीने कंपनीकडची तक्रार मागे घेतली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं हे तिला बराच वेळ सुचलं नाही. शेवटी तिने 'घड्याळाचा दोष नाही' एवढंच लिहिलं. घारीबाईंनी चिपचं काय करायचं असं विचारलं होतं. ती परत घेऊन काय करणार होती? तिने आतलं सगळं पुसून टाकायला सांगितलं. त्या म्हणाल्या, पुसते, आणि मग म्हणाल्या, "माझ्याकडे येणारे बहुतेक लोक चिप दोषी निघावी म्हणूनच येतात. ते सोपं असतं."

धाकट्याला थोरलीने माफ केलं असं म्हणता येणार नाही. तसा शब्द कुणी काढला नाही. काही दिवस तिला त्याच्याकडे बघितलं की ती भरलेली बस आणि ते ओरडणं, दोन्ही एकदम आठवायचं. पण तो आता तिच्या येण्याच्या दिवशी पाळी बदलून घ्यायचा, आणि तिला स्टँडवरून आणायला जायचा.

एका अशाच भेटीत त्याने तिला विचारलं, "तो कागद आहे का तुझ्याकडे? नाडीचा?"

तिने पर्समधून काढून दिला. आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने तो तळहाताने सपाट केला. बसचा रस्ता बघावा तसा तो एका टोकापासून बघत निघाला, बोट रेघेवर ठेवून. पडल्याची जागा त्याला सांगावी लागली नाही. तिथे बोट थोडा वेळ थांबलं. मग पुढे सरकलं.

"इथे वर चढले?"

"हो."

"आणि हा व्हॉल्व्ह आवळला."

"हो. इथपर्यंत."

"नाडी काही फार वाढलेली नाही," तो म्हणाला. "घाबरलेले नव्हते."

"नव्हते वाटतं."

त्याने बोट आणखी पुढे नेलं. रेघ उतरत उतरत सपाट झाली होती आणि कागदाच्या कडेच्या आधीच संपली होती. आईने तिघांची ताटं मांडली आणि दोघांना कागद बाजूला घ्यायला सांगितलं, कारण टेबलावर जागा नव्हती.